तापल्या तलावावर गळ टाकण्यापूर्वी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून पाहुण्यांची वर्दळ असते. पुण्या-मुंबईचे, बडोद्याचे नातलग येतात, आणि आता परदेशी स्थायिक झालेली मंडळीही येऊ लागली आहेत. राजवाडा, सराफा, मांडू, महेश्वर हे सारे पाहून झाले की त्यांच्यातला एखादा हौशी काका किंवा मामा विचारतो, “इथे जवळ एखादा तलाव नाही का? गळ टाकून बसलो असतो!” आणि मग घरातली मुलेही त्याच्या मागे लागतात.

मासे पकडण्याचा छंद सर्वांनाच रुचेल असे नाही. आपल्या वाचकांत शाकाहारी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु मुले तलावावर जाणारच असतील तर ती समजून-उमजून जावीत, या हेतूने हा लेख दिला आहे. ज्यांना मासा धरायचा नाही, त्यांनाही तलाव कसा श्वास घेतो हे यातून कळेल, आणि आमच्या मते खरी गंमत त्यातच आहे.

आपल्या भाषेच्या जिव्हाळ्याचाही या विषयाशी एक धागा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मराठी पदे आढळतात, म्हणून मराठीच्या इतिहासात त्याचा आवर्जून उल्लेख होतो. याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण असून माशांचे प्रकार, त्यांचे खाणे, गळ, दोर, काठी यांची माहिती त्यात दिलेली आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. म्हणजे हा छंद साहेबाने आपल्याकडे आणला, ही समजूत खरी नाही.

थंड देशाचे पुस्तक येथे का चालत नाही?

परदेशातून येणारे पाहुणे बहुधा ट्राऊटसारख्या थंड पाण्यातल्या माशांवर हात बसवून आलेले असतात. ट्राऊटला १० ते १६ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की तो अस्वस्थ होतो. आपल्या माळव्यात मे महिन्यात उथळ तलावाचे पाणी ३० अंशांच्या पुढे जाते. त्यात ट्राऊट जगणार नाही, पण रोहू आणि कटला यांना २५ ते ३० अंशांचे पाणी चांगले मानवते. तेव्हा “ऊन पाण्यात मासा मिळत नाही” हे म्हणणे चूक आहे. मासा मिळतो, मात्र त्याचे वेळापत्रक वेगळे असते, आणि ते वेळापत्रक प्राणवायूवर ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, चुलीवर पातेल्यात पाणी ठेवले की उकळी फुटण्याच्या पुष्कळ आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागतात. तो पाण्यात विरघळलेला वायू असतो. पाणी जसे तापते, तसा त्यात वायू कमी मावतो. तलावाचेही असेच आहे. समुद्रसपाटीवर १० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू हवेतून विरघळतो. २० अंशांना तो ९.१ आणि ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅम होतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे हे आकडे आणखी थोडे खाली येतात.

आता दुसरी बाजू पाहा. मासा आपल्यासारखा उष्ण रक्ताचा प्राणी नाही. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते आणि शरीरातील सर्व क्रियांचा वेग वाढतो. स्थूलमानाने तापमान १० अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज दुप्पट होते. म्हणजे २० अंशांवरून ३० अंशांवर गेलेल्या पाण्यात माशाचा खर्च दुप्पट होतो आणि पाण्यातली शिल्लक मात्र सहाव्या हिश्शाने घटते. ज्या घरात खर्च वाढला आणि मिळकत घटली, त्या घरातला माणूस जपून वागतो. मासाही तसाच वागतो. कोठे थांबायचे, केव्हा खायचे, केव्हा गप्प राहायचे, हे तो या हिशेबाने ठरवतो. हा हिशेब ज्याला कळला त्याला वेळ, जागा, आमिष आणि पकडलेला मासा कसा हाताळावा, हे फारसे वेगळे शिकवावे लागत नाही.

वेळ कोणती?

“भल्या पहाटे जावे” असा सल्ला जो तो देतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. तलावात दिवसा सूक्ष्म हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. रात्री हे काम थांबते, पण श्वास घेणे कोणाचेच थांबत नाही. मासे, किडे, जीवाणू आणि त्या हिरव्या वनस्पतीसुद्धा रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. त्यामुळे सूर्योदयाच्या अगदी आधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो आणि दुपारनंतर सर्वांत जास्त असतो.

याचा अर्थ असा की पाणी स्वच्छ असलेल्या मोठ्या जलाशयावर पहाटे बसायला हरकत नाही. पण पाणी घट्ट हिरवे असेल तर उन्हाळ्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून श्वासासाठी धडपडताना दिसतात. नवख्याला वाटते, “वा! किती मासे वर आले!” प्रत्यक्षात त्या वेळी मासा खाण्याच्या मनःस्थितीत नसतो. अशा तलावावर सूर्य वर येऊन दीड-दोन तास होऊ द्यावेत, किंवा सरळ संध्याकाळी जावे. संध्याकाळी पाण्यात दिवसभराचा प्राणवायू साठलेला असतो आणि ऊनही उतरू लागते. उन्हाळ्यात चार-साडेचारनंतरचा काळ आम्ही सर्वांत भरवशाचा मानतो. भर दुपारी मासाही सावली धरून असतो, माणसानेही धरावी.

आता वर्षाचे गणित पाहू. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातील रात्री चांगल्याच थंड असतात. पाणी गार झाले की रोहू-कटल्याची भूक मंदावते. तेव्हा पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ बरी, आणि आमिषही लहान असावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उबदार होते पण तापलेले नसते, तो काळ उत्तम. एप्रिलपासून सकाळ-संध्याकाळच खरी. १५ ऑगस्टनंतर तलाव भरलेले असतात, पाणी गढूळ असते, आणि नाले जेथे तलावाला मिळतात तेथे मासे अन्नाच्या शोधात येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी निवळले की पुन्हा चांगले दिवस येतात.

जागा कोणती?

पाहुण्याला वाटते, उन्हाळ्यात मासा सर्वांत खोल जागी दडून बसत असेल. खोल जलाशयात असे नेहमीच घडत नाही. उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालचे गार, जड पाणी तसेच तळाशी राहते. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी उजेड पोहोचत नाही, वरून प्राणवायू उतरत नाही, आणि कुजणारा पालापाचोळा आहे तोही संपवतो. असा तळ गार असला तरी माशाला तेथे गुदमरायला होते. म्हणून मासा मधल्या थरात, जेथे थोडा गारवा आणि पुरेसा प्राणवायू दोन्ही मिळतात तेथे राहतो.

जागा निवडताना वाऱ्याकडे लक्ष द्यावे. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर लाटा आपटतात, पाणी घुसळले जाते, हवा मिसळते आणि तरंगणारे अन्नही तेथेच जमते. माणसाला वाऱ्याकडे पाठ करून बसणे सोयीचे वाटते, माशाला मात्र समोरून लाटा येणारा काठ आवडतो. थोडी गैरसोय सोसून त्या काठावर बसावे. झाडांची सावली पडणारा काठ, पाणवनस्पतींची कड, बुडालेला जुना बांध, ओढ्याचे तोंड याही चांगल्या जागा होत.

मुलांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. पांढऱ्या रंगाची एक जुनी थाळी घ्यावी, तिला वजन बांधून दोरीने आडवी पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होईल तेथे दोरीला गाठ मारावी. मग ती लांबी मोजावी. वीस सेंटिमीटरच्या आतच थाळी दिसेनाशी झाली आणि पाणी हिरवे असेल, तर वनस्पतींची दाटी फार आहे आणि पहाटे तेथे प्राणवायूची तूट होणार असे समजावे. शास्त्रज्ञही याच तत्त्वाची तबकडी वापरतात. हा प्रयोग मोठ्या माणसाचा हात धरूनच, पक्क्या घाटावरून करावा.

मासा कोणता, आमिष कोणते?

माशाचे तोंड पाहिले की त्याचे जेवण कळते. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे असतात आणि तो मधल्या थरात चरतो. मृगलाचे तोंड खाली वळलेले असते, तो तळाचा गाळ चाळून खातो. एकाच तळ्यात हे तिघे भांडण न करता राहतात, म्हणून मत्स्यपालक त्यांना एकत्र सोडतात. कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडे सायप्रिनस असेही म्हणतात, तो परदेशातून आलेला असून तळाशी उकरून खातो. तिलापिया हा १९५२ साली भारतात आणलेला मासा आता जवळजवळ सगळीकडे पसरला आहे. तो लहान मुलांच्याही गळाला सहज लागतो.

या माशांसाठी फार महागड्या वस्तू लागत नाहीत. कणीक, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ किंवा सत्तू, आणि शेंगदाण्याची पेंड एकत्र मळून घट्ट गोळी करावी. गोळी इतकी घट्ट असावी की पाण्यात दहा-पंधरा मिनिटे टिकेल, आणि इतकी मऊ असावी की मासा ओढताच गळाचे टोक मोकळे होईल. तिलापियाला गांडूळ पुरते. बसण्याच्या जागी आधी थोडा चारा टाकण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात हा चारा अगदी मूठभरच टाकावा. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि आधीच अपुरा असलेला प्राणवायू आणखी कमी करतो.

कटल्यासाठी तरंगणारे बूच लावून गळ वरच्या थरात ठेवावा, रोहूसाठी त्याहून खाली, आणि मृगल किंवा सायप्रिनससाठी शिशाचे वजन लावून तळाशी सोडावा. आठ ते दहा फुटांची काठी आणि आठ-दहा किलो वजन सहज पेलणारा नायलॉनचा दोर, म्हणजे आपल्या भाषेतला तंगूस, एवढे पुरे. पाहुण्यांनी आणलेला फार बारीक दोर येथे कामाचा नाही. कटला वीस किलोंच्या पुढेही वाढतो. दोर तुटला तर गळ तोंडात अडकलेला मासा आपल्या नजरेआड हाल सोसत राहतो.

मरळ या माशाची गोष्ट निराळी आहे. हिंदीत त्याला सांवल म्हणतात. मरळ कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेऊ शकतो. म्हणून ज्या उथळ, गवताळ, तापलेल्या पाण्यात रोहू तग धरणार नाही तेथेही मरळ मजेत असतो. मागूर आणि शिंगी यांचेही तसेच. मरळ शिकारी आहे. त्याच्यासाठी बाजारात रबराचे बेडूक मिळतात, ते पाणवनस्पतींच्या कडेने ओढत आणावेत. जिवंत बेडूक गळाला लावू नये.

मरळीच्या बाबतीत एक गोष्ट मुलांनी अवश्य लक्षात ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लालसर-नारिंगी रंगाच्या बारीक पिलांचा घोळका खळबळताना दिसला, तर त्यांच्या खाली आई-बाप राखण करीत असतात. अशा वेळी ते कशावरही झडप घालतात, त्यामुळे ते पकडणे अगदी सोपे असते. परंतु त्यांना उचलले तर सारी पिले इतर माशांच्या तोंडी जातात. अशा ठिकाणाहून गळ गुंडाळून पुढे जावे. एवढा संयम ज्याच्या अंगी आहे, त्यालाच आम्ही खरा शौकीन म्हणू.

पकडलेला मासा सोडायचा असेल तर

“आम्ही मासा खात नाही, पकडून पुन्हा सोडून देतो,” असे पाहुणे अभिमानाने सांगतात. थंड देशात ही पद्धत चांगली रुळली आहे. येथे मात्र वरचा हिशेब आठवावा. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झुंजतो. आपण जिने धावत चढल्यावर जशी धाप लागते, तशी त्याला लागते. त्या क्षणी त्याला भरपूर प्राणवायू हवा असतो आणि तापलेल्या पाण्यात तोच कमी असतो. वरून आपण त्याला फोटोसाठी दोन-चार मिनिटे हवेत धरले, तर तो पोहत गेलेला दिसला तरी पुढे काही तासांनी मरू शकतो.

म्हणून सोडायचाच असेल तर असे करावे. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ चटकन निघतो. मासा उगाच खेळवत दमवू नये, लवकर काठाशी आणावा. हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. तापलेल्या दगडावर किंवा वाळूत त्याला ठेवू नये. शक्य तर पाण्यातच ठेवून गळ काढावा. फोटो काढायचाच तर आपण एक श्वास रोखून धरावा आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला असावा. सोडताना त्याला सरळ धरून, स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यावा. आणि मे महिन्यातल्या दुपारी, पाणी कोमट लागत असेल, तर सोडून देण्याच्या नावाखाली मासे पकडूच नयेत.

मासा कोणाचा?

हा प्रश्न पाहुण्याच्या डोक्यात सहसा येत नाही. तलाव दिसला, काठ मोकळा आहे, बसलो, असे त्याला वाटते. परंतु आपल्या राज्यातील बहुतेक तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी समित्यांना किंवा पट्टेदारांना दिलेले असतात. त्यात सोडलेले बीज त्यांनी पैसे मोजून आणलेले असते. ढीमर, केवट, भोई, कहार समाजातील कित्येक कुटुंबांची चूल त्यावर चालते. आपल्या करमणुकीचा मासा हा त्यांच्या ताटातला घास असू शकतो. म्हणून आधी समितीच्या माणसाला भेटून परवानगी घ्यावी, शुल्क असेल ते द्यावे. याचा दुसरा फायदा असा की तलावाची खोली, दगड, गाळ, वारा यांची त्या मंडळींना जेवढी माहिती असते तेवढी कोणत्याही पुस्तकात मिळत नाही. त्यांना “भैया” म्हणून दोन शब्द आदराने बोलावेत, ते हौसेने सारे सांगतात.

दुसरा नियम काळाचा. मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद ऋतू असतो. नदी-नाल्यांशी संबंध नसलेली छोटी तळी यातून वगळलेली असली, तरी पाहुण्यांनी त्या बारकाव्यात न शिरता या दोन महिन्यांत गळ घरीच ठेवावा. कारण साधे आहे. रोहू, कटला, मृगल हे साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. त्या दिवसांत पकडलेल्या एका मादीबरोबर लाखांनी अंडी जातात. अंडी घालण्याच्या या अडचणीवर शास्त्रज्ञ डॉ. हिरालाल चौधरी यांनी उपाय शोधला. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशांना पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालविण्याचा प्रयोग यशस्वी केला. म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. ही तारीख बंद ऋतूतच येते, हे मुलांना लक्षात ठेवायला सोपे जाईल.

तिसरा नियम जागेचा. सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरील यशवंत सागर या आपल्या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. भोपाळचा मोठा तलाव भोज पाणथळ क्षेत्र म्हणून २००२ पासूनच त्या यादीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. हा मान आपल्याला पक्ष्यांमुळे आणि पाण्यामुळे मिळाला आहे. सिरपूरला दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये. यशवंत सागरावर सारस पक्षी येतात आणि शहराला पिण्याचे पाणीही तेथून मिळते. चंबळ नदीच्या अभयारण्यात तर मासेमारीला बंदीच आहे. महाशीर हा मासा मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य असून त्याची संख्या नर्मदेत पुष्कळ घटली आहे. तो चुकून गळाला लागलाच तर तत्काळ, पाण्याबाहेर न काढता सोडावा.

तलावावर तुटलेला तंगूस टाकून येणे हा मोठाच अपराध आम्ही मानतो. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. पक्ष्यांचे पाय आणि चोची त्यात अडकतात, गुरांच्या पोटात जातो. दोराचा प्रत्येक तुकडा गोळा करून घरी आणावा. तसेच घरच्या काचपेटीतले मासे “बिचारे मोकळे होतील” म्हणून तलावात सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांचे अन्न आणि अंडी खातात.

ज्या तलावात शहराचे सांडपाणी येते, त्यातला मासा खाऊ नये. सांडपाण्यातील विषारी द्रव्ये माशाच्या शरीरात साठतात आणि शिजवल्याने ती सर्वच नाहीशी होत नाहीत.

पालकांसाठी

मासा मिळाला नाही तर काही बिघडत नाही, मूल सुखरूप घरी आले पाहिजे. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी ओसरते तेव्हा काठावर वरून वाळलेला, आतून ओला असा गाळ राहतो. त्यावर पाय दिला की मूल मांडीपर्यंत रुतते. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाज्यांच्या खालच्या बाजूस कधीही बसू नये, पाणी केव्हा सोडतील याचा नेम नसतो. मोठे माणूस सोबत असल्याशिवाय एकाही मुलाने तलावावर जाऊ नये. सोबत लांब दोर आणि तोंड घट्ट बंद केलेला एक मोठा रिकामा डबा ठेवावा. कोणी पाण्यात पडलेच तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. डबा दोराला बांधून त्याच्याकडे फेकावा आणि ओरडून माणसे जमवावीत. एकाला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात.

मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग जमून विजा चमकू लागल्या तर लगेच काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. आजकालच्या काळ्या कार्बनच्या काठ्या विजेच्या वाहक असतात. झाडाखाली उभे राहू नये. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, भरपूर पाणी, कैरीचे पन्हे किंवा मीठ-साखरेचे पाणी बरोबर असावे. डोके दुखणे, मळमळ, अंग तापून मूल बरळू लागणे ही उन्हाची बाधा आहे. त्याला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर गार पाणी घालावे, वारा घालावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. गळ हातात रुतला तर ओढाताण न करता दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही ते तपासावे. काठी मागे घेऊन फेकताना मागे कोणी उभे नाही ना, हे प्रत्येक वेळी वळून पाहावे.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. शाळेची एखादी सहल उन्हाळ्यापूर्वी तलावाच्या अभ्यासासाठी काढता आली तर फार बरे होईल. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ पाण्याचे तापमान मोजावे, पांढरी थाळी बुडवून पाण्याची पारदर्शकता नोंदवावी, समितीच्या एखाद्या अनुभवी मच्छीमार बांधवाला मुलांशी बोलायला बोलवावे. विज्ञानाच्या पुस्तकातील दोन-तीन धडे त्या एका दिवसात मुलांना समजतील, आणि त्यासाठी गळाची मुळीच गरज नाही.

पाहुणे चार दिवसांनी आपापल्या गावी परत जातात. तलाव, त्यातले मासे आणि त्यावर पोट असलेली माणसे मात्र येथेच राहतात. पाहुण्यांनी येथून आठवणी खुशाल न्याव्यात, पण तलावाला त्यांची झळ लागू नये, हे पाहणे यजमान म्हणून आपले काम आहे. घरातल्या मुलांनी हा लेख आपल्या काका-मामांना काठीची घडी उघडण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून दाखवावा, एवढीच अपेक्षा.